लाल बटण आणि लांबलेलं गाऱ्हाणं

आपला सगळा संसार एका रिमोटच्या पोटात कोंबून वर त्या रिमोटच्याच काळजीने झुरणारा माणूस सबंध सिंधुदुर्गात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या आतेच्या वाट्याला आला. आमचे आतोबा उंचीला बेताचे, रंगाने सुक्या बांगड्यासारखे आणि आवाजाने बंदरातल्या भोंग्यासारखे. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटींवर विजेची कामं करण्यात काढली. वर्षाकाठी दोन-तीन महिने घरी यायचे, अत्तराच्या बाटल्या आणि जाडजूड टॉवेल वाटायचे आणि पुन्हा जायचे. कायमचे घरी आले तेव्हा मालवणहून आचऱ्याच्या वाटेवर असलेल्या त्या माडांच्या घरात त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माडांचं शिंपणं, गड्यांची बोलणी, मुलाची शाळा, सासूचं आजारपण, सगळं आतेने त्यांच्यावाचून निभावून नेलं होतं. घरात आपल्यासाठी एकही काम शिल्लक नाही हे लक्षात आल्यावर आतोबा दोन दिवस गप्प बसले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या विजेवर चालणाऱ्या तमाम वस्तूंचा ताबा घेतला.

त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे 'डिफॉल्ट'. हा शब्द त्यांनी बोटीवर उचलला आणि ते तो शिवीसारखा वापरतात. कंपनीने ठरवून दिलेला आवाज, कंपनीने ठरवून दिलेला उजेड, कंपनीने ठरवून दिलेला गारवा यांतलं काहीही जसंच्या तसं चालू ठेवणं म्हणजे त्यांच्या मते लाचारी. "डिफॉल्ट म्हणजे काय रे झिला? दुसऱ्यान वापरून सोडलेली चप्पल. ती घालून तू खंय जातलस?" असं ते मला विचारतात, आणि मी कुठेच जात नाही. आमच्या कुडाळच्या घरी ते एक रात्र राहून गेले की आठवडाभर आम्ही घर शोधत असतो. फ्रिजमध्ये दुधाचा दगड झालेला असतो, धुण्याचं यंत्र मुकं झालेलं असतं आणि टीव्ही तमिळमध्ये बोलू लागलेला असतो. माझ्या बायकोने एकदा भीत भीत तक्रार केली, तर म्हणाले, "गो, तुझ्या टीव्हीतली माणसां कावीळ झाल्यासारी दिसत होती. बरी केलंय." हा शब्द ते माणसांनाही लावतात. आमच्या एका भाचीला बघायला आलेला मुलगा चांगला शिकलेला, मिळवता, वागायला नम्र. तो गेल्यावर सगळे आतोबांच्या तोंडाकडे बघायला लागले. "झील बरो आसा," ते म्हणाले, "पण डिफॉल्ट वाटता." लग्न झालं, सुखाचं झालं, तरी त्या जावयाचं घरातलं नाव आजतागायत डिफॉल्टच आहे.

अशा माणसाच्या हाती तो रिमोट पडला. बोटीवर असलेल्या माझ्या आतेभावाने तो कुठल्याशा बंदरातून आणला. चपटा, काळा, हातभर बटणांचा, आणि शिकाऊ. म्हणजे जुना रिमोट आणि हा नवा एकमेकांसमोर नाकाला नाक लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, की नवा डोळा मिचकावून ते शिकून घ्यायचा. आतोबांनी त्याला आठवडाभर शाळेत घातला. टीव्ही, त्याखालचा केबलचा डबा, पंखा, गाण्यांचा जुना संच, मुलाच्या खोलीतला एसी, सगळी विद्या त्याने पोटात घेतली. त्यात पुन्हा एकाच बटणात चार-पाच हुकूम ओळीने कोंबायची सोय होती. आतोबांनी एक दाबलं की टीव्ही लागे, डबा जागा होई, बातम्या येत आणि पंखा तीनवर जाई. एवढं झाल्यावर त्यांनी जुने रिमोट एका पिशवीत बांधले, होडीतून आत नेले आणि समुद्राला अर्पण केले. "एका होडयेर दोन तांडेल नको," म्हणाले, "नायतर होडी खडपार आपटता." वहिनी, म्हणजे त्यांची सून, किनाऱ्यावर उभी राहून नको नको म्हणत होती. होडीच्या बाबतीत आतोबा कुणाचं ऐकत नाहीत.

उरलेल्या एकुलत्या एका तांडेलाची, म्हणजे होडीच्या या कप्तानाची, बडदास्त पाहण्यासारखी होती. खारा वारा लागू नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आणि रात्री झोपायला तांदूळ भरलेली लोणच्याची बरणी. मासे खाल्लेल्या हाताने त्याला शिवायची सोय नव्हती. कुणी शिवलंच तर आतोबा बटण हुंगून सांगत, "तिसऱ्ये खाल्लल्या हातान कोणी लावल्यान?" आणि गुन्हेगार सापडे. पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आधी त्याला सांगितलं जाई की बस, जेव, रव, पण थयसर हात लावू नको. एवढं करूनही त्या रिमोटची किरणं पाणंद ओलांडून शेजारच्या भाईंच्या खिडकीत शिरत. भाईंचा टीव्ही त्याच कंपनीचा. आतोबा बातम्यांना कंटाळले की भाईंच्या घरचा क्रिकेटचा सामना बंद पडायचा. भाई हे गावात गाऱ्हाणं घालणारे. देवळात, लग्नात, नव्या होडीच्या पूजेत देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांनी टीव्हीचा ठपका सरळ बांधावरच्या देवचारावर, गावाच्या राखणदार भुतावर, ठेवला, त्याला नारळ ठेवला आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. आतोबाही त्या गाऱ्हाण्याला हात जोडून उभे होते आणि सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणत होते.

त्या रिमोटला एक वैगुण्य होतं. सेल काढले की त्याची आठवण थोडाच वेळ तग धरायची. तेवढ्यात नवे सेल बसले तर ठीक, नाहीतर शिकलेलं सगळं पुसून तो कारखान्यातून आला तसा कोरा. हा थोडा वेळ म्हणजे किती, ते आतोबांनी जुने रिमोट हयात असतानाच प्रयोगाने ठरवून टाकलं होतं. घरातल्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं की ते उतू जाईपर्यंत. त्यामुळे सेल बदलणं हा त्या घरात एखाद्या शस्त्रक्रियेसारखा सोहळा असे. आधी भाईंना बोलावून छोटंसं गाऱ्हाणं, मग वहिनीने गॅसवर चहा ठेवायचा, मग सेल बाहेर. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडे, "बुडबुडे इले!", आतोबांना घाम सुटे, "उकळी इली!", आतोबा झाकण लावत, आणि चहा वर यायच्या आत 'टक' आवाज होऊन सगळे मोकळा श्वास घेत. मग तोच चहा सगळे मिळून पीत. मी या प्रकाराला इतका हसायचो की दोन वेळा मला बाहेर अंगणात, खळ्यात काढून बसवलं गेलं.

पुढे माझं हसणं बंद झालं. दोन पावसाळ्यांपूर्वी आतेला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. अख्ख्या वाडीला धाकात ठेवणारी, मासे विकणारणीला दारात उभं राहून घाम फोडणारी माझी आते बिछान्याला खिळली, आणि तिच्याजवळ एकच शब्द उरला: 'व्हय.' पाणी हवं? व्हय. नको? व्हय. दुखतंय? व्हय. बरं वाटतंय? तरी व्हय. वहिनी तिच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायची. आतोबांना तेही जमेना. डोळ्यांवरून ओळखायला जेवढं शेजारी राहावं लागतं, तेवढे ते कधी राहिलेच नव्हते. ते नुसते पडवी ते खोली अशा येरझारा घालत. मग एक दिवस त्यांनी रिमोट बरणीतून काढला, पिशवी सोडली आणि आतेच्या डाव्या हातात दिला. तिचा डावा अंगठा चालत होता. सगळ्यांत वरचं मोठं लाल बटण त्यांनी तिच्यासाठी मोकळं केलं. ते दाबलं की पडवीतला गाण्यांचा संच सुरू व्हायचा. खोलीतून पडवीत किरणं सरळ जात नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याच लग्नातल्या कपाटाचा आरसा काढून दाराच्या चौकटीला तिरका ठोकला. संचात दशावताराचं ध्वनिमुद्रण होतं. त्यामुळे आतेला तहान लागली की पडवीत झांजा कडाडत, देव-दानवांचं युद्ध जुंपे, आणि त्या रणधुमाळीवर आवाज काढून आतोबा खळ्यातून ओरडत येत, "इलंय गो, इलंय!" ऐकणाऱ्याला हसू येई. आतेच्या ओठाचा चालता कोपराही जरा हले.

एकदा मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, एक साधी घंटी आणू. आतोबा माडाच्या बुंध्याशी बसले होते. त्यांनी हातातली झावळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "झिला, सगळो जलम तिना हाका मारल्यान, आणि मी हाकेच्या टप्प्यात नव्हतंय. पोरग्याक ताप इलो, मी नाय. तिची सासू, माझी आवस गेली, मी नाय. आता मी हंयच आसंय, तर तिचो आवाज गेलो. तां बटण म्हणजे तिचो आवाज रे. माझ्या हातान केलेलो." पुढे मी घंटीचं नाव काढलं नाही.

गेल्या चैत्रात त्या आवाजाला घरघर लागली. लाल बटण दाबलं की कधी संच वाजे, कधी नाही. सेल उतरत आले होते. एका दुपारी आतोबा माडांच्या मुळाशी मीठ घालत होते आणि आते आत बटण दाबत होती. संच गप्प. वहिनी विहिरीवरून आली तेव्हा आतेचे ओठ सुकलेले होते आणि अंगठा अजून बटणावर होता. आतोबांनी त्या दिवशी जेवण टाकलं. मला फोन आला, "सेल घेवन ये. चांगले. तारीख बघून." त्यांचा भोंग्यासारखा आवाज फोनवर इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर घरात बोलणं बंद. पंखा थांबवलेला, मांजर बाहेर काढलेलं, आतेच्या बिछान्याशेजारी पाटावर स्वच्छ फडकं अंथरलेलं. अडचण एकच, भाई नव्हते. ते विजयदुर्गला पाहुण्यांकडे गेले होते आणि दुपारशिवाय यायचे नव्हते. थांबायला आतोबा तयार होईनात. "भाई नाय तर नाय. देव काय रिमोट बघीत बसलेलो नाय," म्हणाले, आणि हळूच वर बघून त्यांनी कानाला हात लावला.

वहिनीने चहा ठेवला. आतोबांनी झाकण सरकवलं आणि आम्ही दोघेही गार पडलो. खाऱ्या हवेने डाव साधला होता. जुने सेल फुटून आत हिरवट चिकट पापुद्रा धरला होता, स्प्रिंग गंजलेली. तसेच नवे सेल घातले असते तर काहीच चाललं नसतं. आतोबांनी सेल उपटले आणि दाढीच्या पात्याने आत खरवडायला घेतलं. एरवी नुसतं काढायचं आणि घालायचं काम, आज त्यात ही भर. "बुडबुडे इले!" वहिनी आतून ओरडली. आतोबांच्या कपाळावरचा थेंब फडक्यावर पडला. मी फुंकर घातली तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी श्वासच कोंडला. आते उशीवरून सगळं बघत होती. कसाबसा गंज निघाला, स्प्रिंग चमकली, आतोबांनी नवे सेल तळहातावर घेतले. आता घालायचे आणि दाबायचं. "उकळी येता हां!"

तेवढ्यात दारात पिशवी आपटली. भाई. सकाळची पहिलीच गाडी पकडून आलेले. त्यांनी फडकं बघितलं, उघडा रिमोट बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला. "माका सोडून?" एवढंच म्हणाले. मग चपला उडवल्या, आत आले, हात जोडले, डोळे मिटले आणि थेट सुरुवातच केली, "बा देवा म्हाराजाऽऽ!"

आता हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. गाऱ्हाणं सुरू झालं की ते मध्येच तोडता येत नाही. भर लग्नात मांडवाला आग लागली तरी आमचे लोक आधी 'व्हय म्हाराजा' म्हणतील आणि मग पाणी आणायला धावतील. आम्ही हात जोडले. आतोबांनीही जोडले, पण त्या जोडलेल्या हातांत सेल होते, आणि एक डोळा उघडा ठेवून ते बोटं सैल करत होते हे मला दिसत होतं. इतकी वर्षं बोटीवर काढलेला माणूस, देवाची नजर चुकवून दोन सेल सरकवणं त्यांना अवघड नव्हतं.

"आज ह्या तुझ्या लेकरान जां काय काम हाती घेतलेला आसा..." भाई म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

आणि आमच्यामागून, उशीवरून, आवाज आला, "व्हय म्हाराजा."

नुसतं व्हय नाही, पुरतं वाक्य, तेही स्पष्ट, जडपणा नसलेलं, शेवटचा आकार जरा ओढून, जसं ती देवळात बायकांच्या पहिल्या रांगेत उभी राहून म्हणायची, तसं. हा आवाज मी दोन पावसाळे ऐकला नव्हता. वहिनी हातात सांडशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच खिळली. भाईंनी एक डोळा उघडला, आतेकडे बघितलं आणि घाईघाईने मिटला. आतोबांची सैल होणारी बोटं थांबली.

"तां काम सुरळीत पार पाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." तिने पुन्हा म्हटलं.

मी आतोबांना डोळ्यांनी खुणावलं. सेल. सेल घाला. वहिनीने हातातली सांडशी मागच्या गॅसकडे रोखली. आतोबांनी आमच्याकडे बघितलंच नाही. त्यांना कळत होतं, आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आत आधण फुगत होतं, तिकडे रिमोटच्या पोटातून टीव्ही जात होता, पंखा जात होता, लाल बटण जात होतं, त्यांनी हाताने केलेला तिचा आवाज पुसला जात होता. आणि इकडे तिचा स्वतःचा आवाज येत होता. आपण हललो तर तो थांबेल, अशी भीती त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होती. त्यांनी सेलांसकट हात घट्ट मिटले आणि डोळेही मिटले.

भाईंना मी आयुष्यभर बावळट समजत आलो. त्या सकाळी त्यांनी जे केलं ते शहाण्याला सुचलं नसतं. त्यांचं छोटं गाऱ्हाणं एव्हाना संपायला हवं होतं, पण ते थांबेनात. त्यांनी रवळनाथाला घेतलं, सातेरीला घेतलं, वेतोबाला घेतलं. बारा गावच्या देवांना घेतलं. खाडीच्या तोंडावरच्या, बांधावरच्या, चव्हाट्यावरच्या साऱ्या जागेवाल्यांना नावानिशी बोलावलं. आतेभावाच्या बोटीसाठी मागितलं, माडांसाठी मागितलं, गाभण गाईसाठी मागितलं, स्वतःच्या टीव्हीसाठीही मागितलं. प्रत्येक मागण्यानंतर आम्ही थबकत होतो, ती म्हणते का बघत होतो, आणि ती म्हणत होती. "व्हय म्हाराजा." आत चर्रर्र आवाज झाला. चहा उतू गेला, जळक्या साखरेचा वास घरभर पसरला. कुणी हललं नाही. शेवटी भाईंचा घसा बसला आणि त्यांनी समारोप केला, "लेकरां तुझी अजाण. तेंच्या हातान काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आते म्हणाली.

आतोबांनी सेल बसवले. रिमोटचा दिवा एकदा मिचकला, कोऱ्या रिमोटचा मिचकतो तसा. त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिने लाल बटण दाबलं. टक. पडवी गप्प. तिने आतोबांकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. टक. झांजा नाहीत, देव नाहीत, दानव नाहीत. आता हा माणूस फुटणार म्हणून मी एक पाऊल पुढे झालो. आतोबा बिछान्याच्या काठावरच बसले होते. "इलंय गो," ते म्हणाले.

नंतर आम्ही सगळे उपाय केले. रिमोटमध्ये कारखान्यातच भरलेले तयार संकेत एकेक करून लावून पाहिले. संच इतका जुना की त्याच्या नावाचा संकेतच कुठे नव्हता, आणि त्याचा खरा रिमोट समुद्राच्या तळाशी तांडेलपण करत होता. मी शेवटी कुडाळच्या बाजारातून बिनतारी घंटी आणली. ती झकास वाजते, पार विहिरीपर्यंत ऐकू येते. आतेच्या उशाशी ती आहे, फक्त वाजवायची पाळी येत नाही, कारण आतोबांनी आपली आरामखुर्ची पडवीतून उचलून तिच्या खोलीत आणून टाकली आहे. डॉक्टरांना आम्ही मोठ्या आशेने सगळं सांगितलं. त्यांनी समजावलं की लहानपणापासून घोटलेली वाक्यं जिभेवर अशी राहून जातात, गाणी राहतात, आरत्या राहतात. त्यावरून बोलणं परत येईल असं धरून चालू नका. वाटेत गाडीत मी हिरमुसलो होतो. आतोबा मात्र खिडकीतून बाहेर बघत होते. चौक्याच्या चढावर म्हणाले, "तुका कळला काय ता? ती तिची डिफॉल्ट सेटिंग आसा. सेल जावंदेत, मेमरी जावंदे, कारखान्यातसून इलेली ती तशीच रवता." आणि जन्मभराच्या वैऱ्याला मान दिल्यासारखं त्यांनी जोडलं, "बरी वस्तू आसा रे डिफॉल्ट."

मध्यंतरी भाई रोज संध्याकाळी येऊन गाऱ्हाणं घालत. रोज मागणार तरी काय? विषय संपले तसे ते मांजराच्या बाळंतपणावर आणि महागलेल्या पापलेटावर आले. मग त्यांच्या घशानेच संप पुकारला, आणि आता आतोबा स्वतः घालतात. गाऱ्हाणं घालणं हे काही त्यांचं काम नव्हे. शब्द अडतात, देवांची नावं उलटसुलट होतात, मध्येच बोटीवरची हिंदी घुसते. परवा मी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराच्या चौकटीवर तो आरसा अजून तिरकाच आहे, त्यात समुद्राकडचा थोडासा उजेड उरला होता. रिमोट आतेच्या हाताखाली पडला होता, पिशवीशिवाय, तांदळाशिवाय. आतोबा खुर्चीतून उठून तिच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मी दाराबाहेरच थांबलो.

"बा देवा म्हाराजा! आज बांगडे ताजे गावले."

"व्हय म्हाराजा."

"सुनेन तिखला बरा केलेल्यान."

"व्हय म्हाराजा."

मग ते एक पाऊल पुढे सरकले. त्यांचा आवाज आला तो अगदी खाली, मला दारात जेमतेम ऐकू येईल इतका. "आणि हिका सोडून जो जलमभर दर्यार रवलो, तेच्या हातान जां काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल रे म्हाराजा."

ती तेवढंच बोलू शकते हे मला माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिला अर्थ कळतो का, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं. पण तिने उत्तर द्यायला एरवीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला असं मला वाटलं.

"व्हय म्हाराजा," आते म्हणाली.

आतोबांनी हात सोडले. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि वारं गार सुटलं होतं म्हणून भिंतीपाशी जाऊन, हाताने बटण फिरवून पंखा एक घर कमी केला.